कादंबरीत ओपिनेल या लाकडी मुठीच्या, घडीच्या चाकूचं नाव आलं, तर लेखकाने तो खरंच हाताळलाय हे कसं ओळखायचं?

आधी पात्याजवळचं फिरतं कडं बघा. पातं जागी अडकवणारं हे कडं 1955 चं. चाकू मात्र 1890 चा, फ्रान्समधल्या साव्वाचा. 1940 च्या गोष्टीत नायक कडं फिरवत असेल, तर लेखक चुकला.

दुसरी खूण लाकडी मुठीची. माझा आठ नंबरच्या मापाचा ओपिनेल रावेरच्या शेतात कायम खिशात असतो. पऱ्हाटीच्या जाळावर ठेवण्याआधी भरताची वांगी त्यानेच टोचतो. पावसाळ्यात मूठ फुगते, मिटलेलं पातं आतच अडकतं. मग मुठीचं बूड लाकडावर ठोकलं की टोक वर येतं. परवा एका रहस्यकथेत नायकाने नेमकं तसंच ठोकलं. इतका आनंद झाला, की ते पान घरात सगळ्यांना वाचून दाखवलं!