लेक्चर साडेदहाला संपलं, पुढे दिवसभर काय करू?

प्रश्न : ताई, मी एस.वाय.बी.ए.ला आहे, मेजर समाजशास्त्र, मायनर इतिहास. गाव माळशिरस तालुक्यात, इथे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. रूमवर आम्ही चौघी, एक इंजिनिअरिंगवाली आणि दोघी एमपीएससीच्या, त्या दोघी सकाळी सातला अभ्यासिकेत जातात त्या रात्रीच परत येतात. माझी लेक्चर्स साडेदहाला संपतात, मग लायब्ररी, टपरीवर चहा, मेस, परत लायब्ररी, आणि रात्री वाटतं आज आपण केलं काय. पप्पा फोनवर विचारतात आज काय शिकवलं, तर 'कुटुंबसंस्था' म्हणून सांगितलं की पुढे बोलणंच खुंटतं. मला माणसं बघायला आवडतात. मेसमध्ये कोण कुणाशेजारी बसतं, खाडा टाकून, म्हणजे मेसचं जेवण काही दिवस बंद करून, कोण गावी जातं, असलं काहीबाही मी वहीत लिहिते पण त्याला काही अर्थ आहे का?
– एस.वाय.ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आहे, खूप आहे, ती वही अजिबात टाकू नकोस. तू समाजशास्त्र शिकतेस ना, मग तुझ्या विषयाचं निम्मं काम त्या वहीतच चाललंय, फक्त तुला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुझ्या तालुक्यातून माउलींची पालखी जाते, नातेपुते, माळशिरस, वेळापूर हे मुक्काम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावती कर्वे त्याच वारीत दिंडीबरोबर पायी चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. त्यांच्या नजरेत काय आलं, तर दिवसभर एकत्र चालणारी, एकच अभंग म्हणणारी एकाच दिंडीतली माणसं जेवायच्या वेळी वेगळी होतात, ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा. त्यांना ते टोचलं, आणि टोचलं हेही त्यांनी लिहिलं. आता तू मेसमध्ये बघतेस ते काय वेगळं आहे का गं? जेवायला कोण कुणाबरोबर बसतं हा आपल्याकडचा लहान प्रश्न नाहीच.

फक्त नुसतं बघून लिहिण्यात आणि अभ्यास करण्यात थोडा फरक आहे, तेवढा भरून काढ. एकच प्रश्न धर. माझं ऐकशील तर खाडा धर, कारण त्याची नोंद मेसच्या वहीत आधीच असते. खाडा कोण टाकतं, कशासाठी टाकतं, सणाला, घरच्या सुगीला, कुणाच्या आजारपणाला, की महिनाअखेर पैसे कमी पडले म्हणून? किती दिवस आधी सांगावं लागतं, दोनच दिवस गेलं तर पैसे कापून मिळतात का, आणि मुलींचे आणि मुलांचे खाडे वेगळे दिसतात का? मला तर वाटतं एवढ्यातून पुण्यात शिकायला आलेल्या पोरांचं गावाशी नातं किती घट्ट आहे ते कळेल, आणि ते कुठल्या गाईडमध्ये तुला मिळणार नाही. मेसवाल्या काकूंना आधी नीट सांग की मी हे कशासाठी लिहितेय, हो म्हणाल्या तरच त्यांची वही बघ, आणि कुणाचंही खरं नाव लिहू नकोस. हे नियम सोडून चालणार नाही. लोक आपल्याशी विश्वासाने बोलतात.

आणि लिहायचं त्याच रात्री, उद्यावर टाकायचं नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 साली कर्नाटकातल्या एका खेड्यात राहून आले, पुढे 1970 मध्ये अमेरिकेत असताना ते काम करत होते त्या इमारतीला आग लावली गेली आणि त्यांच्या नीट लावून ठेवलेल्या नोट्स जळाल्या, तरी त्यांनी त्या गावावरचं पुस्तक आठवणीतून लिहिलं. इतक्या वर्षांनी आठवणीतून लिहिता येतं ते आधी रोजच्या रोज लिहून ठेवलेलं असतं म्हणूनच, असं माझं मत आहे.

तुमच्या नवीन अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आहेच. ऐनवेळी झेरॉक्सच्या दुकानातून दुसऱ्याची फाइल आणून सबमिशन करण्यापेक्षा हाच विषय घेऊन सरांना किंवा मॅडमना आत्ताच भेट. तीन-चार पानं लिहून ने, मग ते वाचतात. नुसतं जाऊन 'विषय सुचवा' म्हटलं की कुणीच मनापासून सांगत नाही.

पप्पांचं म्हणशील तर उत्तर देऊच नकोस, तूच त्यांना विचार. तुमच्या भावाभावांच्यात वाटणी झाली तेव्हा चूल आधी वेगळी झाली की सातबारा? आजी कुणाच्या चुलीवर जेवायची? पालखी येते तेव्हा आपल्या गल्लीत भाकरी कोण कोण करून देतं? ते अर्धा तास बोलतील बघ, आणि तुझ्या कुटुंबसंस्थेच्या चॅप्टरमध्ये संयुक्त कुटुंबाचं जे लिहिलंय ते तुझ्याच घरात कुठे जुळतं, कुठे जुळत नाही हे तुला कळेल. पप्पांनाही कळेल की पोरगी काय शिकतेय.

राहिला रूममेट्सचा प्रश्न. त्यांचा दिवस परीक्षेने भरलेला आहे, तुझा तुला भरायचाय, आणि ते जास्त अवघड आहे कारण सांगणारं कुणी नाही. नोकरीची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही, नुसत्या बी.ए.वर पटकन काही मिळत नाही. म्हणून एम.ए.चा विचार असेल तर सीयूईटी पीजीचं, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या एम.ए. प्रवेश परीक्षेचं, टी.वाय.च्या सुरुवातीलाच बघून ठेव, आणि एक्सेल शीक, खाड्याचा तक्ता करायला लागणारच आहे.

प्रश्न : मी एफ.वाय.ला आहे, इतिहासाची आवड आहे. मोडी शिकून उपयोग होतो का, की फॅशन म्हणून शिकतात सगळे?
– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : शीक, डोळे मिटून शीक. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथले मोडी कागद कोटींच्या घरात आहेत आणि वाचणारे फार कमी. भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून हेच काम करतंय. अक्षरं काही आठवड्यांत येतात, पण वळण प्रत्येक कारकुनाचं वेगळं, शब्द सलग लिहिलेले, तिथे खरी दमछाक होते. रोज एक पान वाच, आणि घरात जुनी खरेदीखतं असतील तर तिथूनच सुरुवात कर.

प्रश्न : मुलगी बी.ए.ला आहे. आता तीन वर्षं की चार वर्षं करावी? कॉलेजात प्रत्येक जण वेगळं सांगतो.
– एक पालक, लातूर

उत्तर : दादा, तीन वर्षांनी 132 क्रेडिट झाले की डिग्री मिळते, चौथं वर्ष केलं की 176 आणि ऑनर्स. एमपीएससी, यूपीएससीला तीन वर्षांची डिग्री पुरते, त्यासाठी चौथं वर्ष नको. पुढे एम.ए. करायचं असेल तर चौथ्या वर्षानंतर ते एका वर्षात होऊ शकतं, तीन वर्षांनंतर दोन वर्षं लागतात, म्हणजे एकूण काळ सारखाच. रिसर्चसह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात. तेव्हा आधी मुलीला विचारा तिला पुढे काय करायचंय, आणि तिच्या कॉलेजात तिच्या विषयाचं चौथं वर्ष आहे का तेही बघा, सगळीकडे नसतं.