दारू, राग आणि मधली मिनिटं

अनेक आशीर्वाद.

खुनाच्या खटल्यात आपल्या अशिलाच्या बचावासाठी तू जे टिपण केलंयस, त्यातलं पहिलं वाक्य आधी खोडून टाक. ‘आरोपी दारूच्या नशेत होता, म्हणून जबाबदार नाही’ हा बचाव कायद्यात बसत नाही. नकळत किंवा जबरदस्तीने पाजली आणि आपण काय करतोय हेच कळेनासं झालं, तरच भारतीय न्याय संहितेचं कलम २३ मदतीला येतं. तुझा अशील परळच्या बारमध्ये मित्रांसोबत बसून स्वतःच्या पैशाने प्यायला. त्याला कलम २४ लागेल: शुद्धीतल्या माणसाला जे कळलं असतं ते यालाही कळत होतं, असंच न्यायालय धरेल. (घटना १ जुलै २०२४ नंतरची आहे म्हणून ही कलमं. निवाडे शोधताना जुन्या भारतीय दंड संहितेची ८५ आणि ८६ बघ.)

पण कलम २४ धरून चालतं ते ज्ञान, म्हणजे आपल्या कृत्याने काय होईल याची जाणीव; हेतू नव्हे. हा फरक पक्का डोक्यात ठेव. बासदेव विरुद्ध पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचं तेव्हाचं राज्य), सर्वोच्च न्यायालय, १९५६ हा निवाडा पूर्ण वाच. लग्नघरी प्यायलेल्या एका निवृत्त जमादाराने एका मुलाला जागा सोडायला सांगितलं, मुलगा हलला नाही, याने गोळी झाडली. न्यायालय म्हणालं, हेतू परिस्थितीवरून ठरवायचा आणि नशा किती चढली होती तेही पाहायचं. तरी खुनाची शिक्षा टिकली, कारण तो अधूनमधून झोकांड्या देत, अडखळत असला तरी आपल्या पायांनी चालत होता, बोलणं समजत होतं, आणि गोळीनंतर पळू पाहत होता. तेव्हा ‘तोंडाला दारूचा वास’ एवढ्या डॉक्टरी शेऱ्यावर विसंबू नकोस. रक्ताचा नमुना किती वाजता घेतला, कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल काय म्हणतो, बारच्या वेटरने जबाबात काय सांगितलंय, हे बघ.

आता प्रक्षोभ, म्हणजे समोरच्याने डिवचल्यामुळे ताबा सुटणं. चाळीच्या नळावर भांडण झालं, मयताने कानाखाली मारली, तुझा अशील दोन मजले चढून कोयता घेऊन खाली आला. सगळा खटला त्या जिन्यावर आहे. कलम १०१ खुनाची व्याख्या करतं आणि कोणता मनुष्यवध खून ठरत नाही त्याचे अपवाद देतं. त्यातल्या पहिल्या अपवादाला प्रक्षोभ गंभीर तर लागतोच, शिवाय अचानक लागतो, आणि वार होईपर्यंत ताबा सुटलेलाच असावा लागतो. नानावटी खटला मुंबईत सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण निवाडा फार थोड्यांनी वाचलेला असतो. प्रेम आहुजांशी संबंध असल्याची कबुली पत्नीने दिल्यावर नौदल अधिकारी नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी आहुजांचं ऑफिस गाठलं, मग घर. दीड वाजता घर सोडलेलं, गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, राग आवरायला एवढा वेळ पुरेसा होता. त्याच निवाड्यात हेही आहे की नुसत्या शब्दांनी किंवा हावभावांनीही प्रक्षोभ होऊ शकतो. ते तुझ्या कामाचं आहे.

तुझ्याकडे तीन तास नाहीत, कदाचित तीन मिनिटं आहेत. येत्या रविवारी त्या चाळीत जा, घड्याळ लावून जिना चढ आणि उतर. वाटेत त्याला कोण भेटलं, तो काय बोलला, खोलीत कुणी अडवलं का, ते विचार. अचानक झालेल्या मारामारीचा चौथा अपवादही तपास, पण हत्यार आणायला वर गेलेला माणूस तिथे अडचणीत येतो. अपवाद सिद्ध करायचा भार आपल्यावर असतो. मात्र सरकारी वकिलासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, संभाव्यतेचं पारडं झुकलं की पुरे.

एक गोष्ट माझ्यासाठी पाळ. प्रक्षोभ दाखवायच्या भरात मेलेल्या माणसाचं चारित्र्य उकरू नकोस. तो पितो, त्याच्या घरी कोण येतं, हे उलटतपासणीत विचारायचं काही कारण नाही. त्याची बायको समोर बसलेली असेल, आणि त्याला उत्तर द्यायला तो नाही. त्या संध्याकाळी नळावर त्याने काय केलं, तेवढंच विचार.

आणि अशिलाच्या आईला ‘सुटेल’ असं सांगू नकोस. अपवाद मान्य झाला तरी खुनाच्या शिक्षेच्या कलम १०३ ऐवजी १०५ लागेल, म्हणजे सदोष मनुष्यवध. त्यातही हेतू धरला तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, नुसतं ज्ञान धरलं तर दहा वर्षांपर्यंत. हे तिला समोर बसवून, सावकाश, तिला कळेल अशा शब्दांत सांग. आरोपनिश्चितीच्या आधी सांग.