किमोनो मुलांच्या हाती: वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न जपानमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांचे आणि मुलांचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकांचे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: उन्हाळी उत्सवाआधी वर्गात युकाता (साधा उन्हाळी किमोनो) घालून दाखवते, तरी निम्मी मुलं उलटा घालतात. डावी बाजू वर, हे किती वेळा सांगायचं?
– एक शिक्षिका, योकोहामा

मुलांकडे पाठ करून उभ्या राहा, अर्धा घोटाळा तिथेच मिटेल. समोरून दाखवलं की मुलं आरशासारखी नक्कल करतात. तुमचा डावा हात हलला की त्यांचा उजवा हलतो. क्रम असा: उजवी बाजू आधी अंगाला लपेटून डाव्या कमरेकडे न्यायची, मग डावी तिच्यावरून उजवीकडे आणायची. शर्टाच्या बटणांसारखा मुलगा-मुलगी असा फरक इथे नाही, सगळ्यांना एकच नियम.

तपासायला सोपी खूण आहे. उजवा हात छातीशी नेऊन गळ्याच्या फटीत सरकवायचा. सहज आत गेला तर बरोबर, कापड आडवं आलं तर उलटं. पाच वर्षांची मुलं एकमेकांना हे आवडीनं तपासायला लावतात. आरसा मात्र दाखवू नका, त्यात बरोबर घातलेलाही उलटा दिसतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याचंही तेच. फोटो पाहून ‘चुकलं’ म्हणत पुन्हा सोडायला बसणारे पालक दर उन्हाळ्यात भेटतात.

कारण विचारलं तर सरळ सांगावं. डावी बाजू वर घेण्याचा दंडक जपानच्या राजदरबारानं इ.स. ७१९ मध्ये घालून दिला, आणि उलटी बाजू मृतांना नेसवताना घेतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे नीट कळतं. त्याहून लहानांना ‘आपण असंच घालतो’ एवढं पुरे. कुणी चुकला तर हसू नये, हेही त्याच वेळी सांगा.

प्रश्न: मुलगी पाच वर्षांची. युकाता पुढच्या वर्षीही व्हावा म्हणून मोठा घेतला, आता जमिनीवर लोळतो. कापावा का?
– एक पालक, तोक्यो

कात्री लावू नका. मुलांचा किमोनो मोठाच शिवतात आणि दुमडी घालून लहान करतात. खांद्यावरच्या दुमडीला काताआगे म्हणतात, कमरेवरच्या दुमडीला कोशिआगे.

मापं दोनच लागतात. मुलीला सरळ उभी करून खांद्यापासून घोट्यापर्यंत मोजा. समजा ते ८६ सेंमी भरलं आणि युकाता १०० सेंमी आहे, तर १४ सेंमी जास्त. दुमड दुहेरी पडते, म्हणून तिची खोली ७ सेंमी. दुसरं माप मानेच्या मागच्या मध्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत, हात तिरका खाली धरून. युकाता ४८ आणि मुलगी ४२ असेल, तर दर खांद्याला ६ सेंमी जास्त, दुमड ३ सेंमी खोल.

कमरेची दुमड कुठे घ्यायची, इथे हमखास चुकतं. दुमडीची खालची कड ओबीच्या, म्हणजे कमरेच्या रुंद पट्ट्याच्या, खाली थोडी दिसली पाहिजे. फार वर घेतली तर सगळा फुगवटा ओबीत अडकून पोट सुटल्यासारखं दिसतं. फार खाली गेली तर परकराला झालर लावल्यासारखी लोंबते. म्हणून आधी ओबी बांधून टाचण्यांनी खूण करा आणि मगच शिवा.

शिवण मोठ्या धावदोऱ्याची हवी, तीही साध्या एकेरी दोऱ्यानं, मशीनवर मुळीच नको. पळताना मुलीचा पाय घेरावर पडला तर दोरा तुटावा, कापड फाटू नये. शिवाय पुढच्या वर्षी उसवायला दोन मिनिटं लागतात. उसवल्यावर दुमडीची रेघ दिसते; वाफेची इस्त्री फिरवली की बरीचशी जाते.

घालताना मुलांच्या युकात्याला शिवलेले बंद असतात. आतल्या, म्हणजे उजव्या बाजूचा बंद डाव्या काखेखालच्या फटीतून बाहेर काढायचा, दुसऱ्यासह पाठीमागून फिरवून पुढे बांधायचा. ही फट दिसली नाही म्हणून दोन्ही बंद वरूनच बांधले, तर अर्ध्या तासात आतली बाजू घसरून खाली डोकावते. वर मऊ हेको-ओबी गुंडाळून मागे सैलसर फूल बांधा. मुलीची ओबी वर, मुलाची खाली कमरेवर. गळा मानेला लागूनच ठेवा. मानेमागून गळा खाली ओढण्याची पद्धत मोठ्या बायकांची. आणि हे सगळं सुरू करण्याआधी, शौचालय!

प्रश्न: शिचि-गो-सानला (तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांचा सण) तीन वर्षांच्या मुलीला पूर्ण ओबी बांधतात का? मुलगा पाच वर्षांचा आहे.
– एक आई, साइतामा

तीनला ओबी लागत नाही. किमोनोवर हिफु नावाची कापूस भरलेली बिनबाह्यांची बंडी चढते आणि कंबर मोकळी राहते. पाचच्या मुलाला हाओरी (वरून घालायचा आखूड अंगरखा) आणि हाकामा (चुण्यांचा घेरदार पायघोळ). सातच्या मुलीला बंद जाऊन खरी ओबी येते. जुन्या काळी तो स्वतंत्र विधीच होता. मुख्य दिवस १५ नोव्हेंबर, पण मंदिरात गर्दी त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी असते.

त्रास बहुधा पायांचा होतो. झोरीचे, म्हणजे सपाट जपानी चपलांचे, पट्टे नवे असताना अंगठ्याच्या बेचक्यात रुततात. आठवडाभर आधी पट्टे हातानं ओढून सैल करा आणि घरात रोज दहा मिनिटं चालवा, तेही ताबी (अंगठा वेगळा असलेले मोजे) घालून. पिशवीत नेहमीचे बूट असू द्या, फोटोनंतर लगेच बदला. आधी जेवण, मग कपडे. चितोसे-आमे ही सणाची साखरेची कांडी हातात द्या, पण उघडू नका. कागद सुटलेली ती लांब चिकट कांडी आणि भाड्याचा रेशमी किमोनो यांची गाठ पडू देऊ नये.

प्रश्न: मोठ्या मुलांसाठी वर्गात काही हातानं करण्यासारखं?
– एक शिक्षक, नागोया

कागदी तागा कापायला लावा. किमोनोचा तागा साधारण ३६ सेंमी रुंद आणि १२ मीटर लांब असतो. एक पंचमांश मापानं ७.२ सेंमी रुंद, २४० सेंमी लांब पट्टी होते. तिच्यातून आधी २१ सेंमीचे दोन तुकडे बाह्यांसाठी आणि ६८ सेंमीचे दोन अंगासाठी. अंगाचा तुकडा खांद्यावर दुमडून पुढे-मागे पडतो. उरलेली ६२ सेंमी पट्टी लांबीत मधोमध चिरा. एका अर्ध्यातून पुढच्या दोन अरुंद पट्ट्या, दुसऱ्यातून गळपट्टी आणि तिच्यावरची आच्छादनपट्टी. आठ तुकडे झाले, कचरा शून्य. तुकडे कापताना मुलांना आधी अंदाज करायला लावा की किती कागद वाया जाईल.

जोडायला चिकटपट्टी वापरा, गोंद नको. कारण पुढची पायरी उसवण्याची आहे. तुकडे सुटे करून एकापुढे एक मांडले की पुन्हा तागा तयार होतो. धुलाईसाठी रेशमी किमोनो असाच उसवून, तुकडे जोडून धुवायचे आणि ताणून वाळवायचे. त्याला आराइहारी म्हणतात. मुलांना हे भाषणातून पटत नाही, पट्टी पुन्हा जुळली की पटतं. जपानच्या माध्यमिक शाळांत गृहविज्ञानात वाफुकुची, म्हणजे पारंपरिक जपानी कपड्यांची, ओळख असते, तेव्हा साधनं मिळायला अडचण पडू नये.

प्रश्न: बाही ताटात बुडते.
– एक पालक, ओसाका

डाव्या हातानं उजव्या बाहीची लोंबती कड धरायची आणि मग उजवा हात पुढे न्यायचा. घरी जेवताना मोठ्या टॉवेलची बाही करून सराव द्या. जिना चढताना उजव्या हातानं पुढची बाजू जराशी उचलायची, नाहीतर पहिल्याच पायरीवर घेर पायाखाली येतो.