‘नवी प्रजाती’ की ‘नवी जाती’?

प्रश्न असा : ‘बहुशर्करांचे (सेल्युलोजसारख्या, साखरेच्या लांब साखळ्यांचे) विघटन करणाऱ्या जीवाणूची नवी प्रजाती सापडली’ या वाक्यातली ‘प्रजाती’ म्हणजे स्पीशीज की जीनस?

मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत स्पीशीज म्हणजे जाती. जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, याला वंश किंवा प्रजाती. हिंदीत मात्र स्पीशीजलाच ‘प्रजाति’ म्हणतात आणि बातम्यांतून तो अर्थ मराठीतही रुळला. एका शब्दावर दोन पायऱ्या आल्या की घोळ होणारच. तेव्हा ‘वंश’ आणि ‘जाती’ एवढेच वापरावेत.

सॅकरोफॅगस डिग्रॅडन्सचेच पाहा. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या खाजणात कुजणाऱ्या स्पार्टिना गवतावर हा जीवाणू मिळाला. आगर, कायटिन, सेल्युलोज, अल्जिनेट अशा बऱ्याच बहुशर्करा तो पचवतो. मधल्या काळात त्याला मायक्रोबल्बिफर वंशात ठेवले होते. २००५ मध्ये त्याचा वंशही नवा ठरला आणि जातीही. इथे नुसते ‘नवी प्रजाती’ लिहिले, तर यातले नेमके काय नवे ते वाचकाला कळत नाही.

आता ‘नवी’बद्दल. आगराच्या (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या) थाळीवर जीवाणूंच्या वसाहतीभोवती खळगा पडला आणि आयोडीन ओतल्यावर तेवढा भाग फिका राहिला, तर आगर पचवणारे विकर (एन्झाइम) आहे एवढेच कळते. अशा विकरांची जनुके एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. जपानी लोकांच्या आतड्यातल्या जीवाणूंत समुद्री शेवाळ पचवणारी जनुके अशीच आली आहेत. म्हणून वर्गीकरण नुसत्या पचनशक्तीवर करत नाहीत. आधी १६एस आरआरएनए जनुक, म्हणजे सर्व जीवाणूंत असणारे आणि तुलनेला सोयीचे जनुक, जवळजवळ पूर्ण, सुमारे १,४०० बेस (डीएनएची अक्षरे), वाचतात. ७०० बेसवर निष्कर्ष काढला तर जवळच्या जाती बऱ्याचदा वेगळ्या दिसत नाहीत. संवर्धन शुद्ध नसेल, म्हणजे त्यात दुसरे जीवाणू मिसळले असतील, तर या वाचनाच्या आलेखात एकावर एक शिखरे येतात. सर्वांत जवळच्या ज्ञात जातीशी साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर जाती बहुधा नवी. साम्य त्याहून जास्त असले तरी शक्यता संपत नाही. मग निर्णय संपूर्ण जनुकसंच करतो : दोन जनुकसंचांतल्या अक्षरांचे सरासरी साम्य (सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली हवे.

‘२-४०’ हा सॅकरोफॅगस डिग्रॅडन्सचा वाण, म्हणजे स्ट्रेन : जातीतलाच एक वेगळा काढलेला जीवाणू आणि त्याची संतती. एका वाणाला ‘जाती’ म्हणणे ही दुसरी नेहमीची चूक.

नव्या जातीचे नाव वैध ठरायला टाइप स्ट्रेन, म्हणजे जातीचा नमुना ठरवलेला वाण, दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत जमा करावा लागतो. पुण्यातही असा संग्रह आहे. हे होऊन नाव रीतसर प्रसिद्ध होईपर्यंत बातमीत ‘संभाव्य नवी जाती’ असेच लिहावे.