पेपरात ऑर्डरी वाढल्या म्हणून लगेच भरती निघत नसते

केज तालुक्यातल्या एका वडिलांचं लांबलचक पत्र आलंय, आधी थोडक्यात सांगतो. गावात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगा संभाजीनगरला मेकॅनिकल इंजिनिअर झाला, ६८ टक्के, बॅकलॉग एकही नाही, पास होऊन वर्ष उलटलं आणि घरीच आहे. वडील लिहितात की मंदी होती तोवर मी गप्प बसलो, पण आता रोज पेपरात येतंय की कंपन्यांना ऑर्डरी आल्यात, उद्योजक आशावादी आहेत, सर्व्हेचे आकडे वर गेलेत, मग माझ्याच पोराला नोकरी का नाही, म्हणजे हा प्रयत्नच करत नाही. म्हणून त्यांनी घरात नियम केलाय, रोज रात्री जेवायच्या आधी पोरानं आज कुठं कुठं अर्ज केला त्याचे स्क्रीनशॉट दाखवायचे. दिवाळीपर्यंत मुदत. आणि मला प्रश्न विचारलाय, "याला सिरीयस कसं करावं ते सांगा."

भाऊ, तुमच्या पत्रात मला मार्कांची काळजी वाटली नाही, मंदीचीही तेवढी नाही. त्या स्क्रीनशॉटची वाटली. पंचवीस जागी अर्ज करून कुठूनच उत्तर न आलेलं लेकरू दिवसभर स्वतःलाच खात असतं, आणि संध्याकाळी त्याला ताटावर बसायच्या आधी हजेरी द्यायची. तुम्हीच लिहिलंय की "हल्ली तो आमच्यासोबत जेवत नाही, उशिरा एकटाच जेवतो," आणि ते तुम्ही त्याच्या आळसाचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला तो आळस वाटत नाही, तो तुम्हाला टाळतोय. आणि असल्या हजेरीनं अर्जांची संख्या वाढते फक्त, पोरगं दाखवायला म्हणून कुठंही क्लिक करतं, राजस्थानातल्या सेल्सच्या जागेला पण आणि बंगलोरच्या सॉफ्टवेअरच्या जागेला पण. तुम्ही त्याची यादी जोडलीय ना, बघा परत एकदा, शेवटच्या दोन महिन्यांत असंच झालंय.

हा नियम आजपासून बंद करा. ही माझी पहिली अट समजा, बाकी सल्ला त्यानंतर. आणि पोराची झोप उडाली असेल, बोलणं तुटलं असेल तर मन मोकळं करायला, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, त्याला देऊन ठेवा.

आता पेपरातल्या आकड्यांचं. इथं बऱ्याच जणांचा मोठा गैरसमज आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. उद्योजक आशावादी आहेत अशी बातमी येते ती असल्या सर्व्हेतून येते, रिझर्व्ह बँकेचाही एक दर तीन महिन्यांनी असतो, कारखानदारीतल्या कंपन्यांचा. त्यात कंपन्यांना विचारतात की उत्पादन, ऑर्डरी, कामगार, नफा हे सगळं वाढेल, कमी होईल की आहे तसंच राहील. समजा १०० कंपन्यांपैकी ३० म्हणाल्या वाढेल, १० म्हणाल्या कमी होईल आणि ६० म्हणाल्या आहे तसंच, तर निकाल निघतो अधिक २०, आणि असे सगळे निकाल मिळून, १०० हा मध्य धरून, एक आकडा बनवतात, तो १०० च्या वर गेला की बातमी होते, आशावाद वाढला. आता यात किती माणसं घेणार हे कुठं आलं? कुठंच नाही. किती कंपन्यांना चांगलं वाटतंय एवढंच त्यातून कळतं, आणि ज्या ६० जणी जागच्या जागी उभ्या आहेत त्या बातमीत दिसतच नाहीत. शिवाय ऑर्डर वाढेल म्हणणारी कंपनी त्याच फॉर्मवर कामगारांच्या रकान्यात आहे तसंच अशी खूण करू शकते, आणि नुकत्या सावरत असलेल्या कंपनीनं तसं केलं तर नवल नाही. तुमच्या पोराला पहिली संधी जिथं मिळायची शक्यता जास्त, ते संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतलं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचं काम करून देणारं दहा मशीनचं शेड, त्याला तर हा सर्व्हे विचारायला बहुतेक कोणी जात नाही.

वाळूजमध्ये प्रत्यक्ष होतं काय ते सांगतो. आधी वरच्या मोठ्या कंपनीकडून व्हेंडरला, म्हणजे तिला सुटे भाग पुरवणाऱ्याला येणारं महिन्याचं शेड्युल, म्हणजे किती माल हवा ती मागणी, वाढतं. व्हेंडर लगेच माणूस घेत नाही, कारण मंदीत त्याच्या निम्म्या मशीन बंद पडून असतात, आधी त्या चालू होतात. कोरोनात, एप्रिल ते जून २०२०, देशातल्या कारखान्यांची क्षमता सरासरी ४७.३ टक्केच वापरात होती, हा रिझर्व्ह बँकेचाच आकडा, म्हणजे काम दुप्पट झालं तरी नवीन मशीन घ्यायची गरज नव्हती. मग ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, सुरू होतो. कायद्यानं ओटीला दुप्पट पगार द्यावा लागतो, तरी मालकाला तो परवडतो, कारण पुढच्या महिन्यात शेड्युल पडलं तर ओटी एका दिवसात बंद करता येतो, रोलवर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पटावर घेतलेला माणूस तसा बंद करता येत नाही. ओटीनं भागेना की कॉन्ट्रॅक्टरची माणसं येतात, मग अप्रेंटिस आणि ट्रेनी, आणि दोनतीन तिमाह्या ऑर्डरी टिकल्या, तिसरी शिफ्ट चालू झाली, की मग कुठं रोलवरची भरती. आणि हे झालं मोठ्या व्हेंडरचं, त्याच्याकडून काम घेणाऱ्या छोट्याकडं हे सगळं अजून उशिरा पोचतं.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेतली २००८ ची मंदी, जिच्यात लेहमन ब्रदर्स बुडाली, ती तिथल्या अधिकृत हिशोबानं जून २००९ ला संपली. बेरोजगारी सगळ्यात वर, १० टक्क्यांवर गेली ती ऑक्टोबर २००९ ला, म्हणजे मंदी संपल्यावर चार महिन्यांनी, आणि मंदीआधी जेवढ्या नोकऱ्या होत्या तेवढ्या परत व्हायला २०१४ उजाडलं. त्याच्या आधीची मंदी नोव्हेंबर २००१ ला संपली होती आणि बेरोजगारी वाढत राहिली जून २००३ पर्यंत. हां, सगळीकडं असंच होतं असंही नाही, आपल्याकडं कोरोनानंतर २०२१-२२ मध्ये आयटी कंपन्यांनी धडाधड फ्रेशर घेतले होते, पण त्याच भरतीमुळं नंतर २०२२ च्या बॅचच्या कित्येक पोरांना ऑफर लेटर हातात असून जॉइनिंगची वाट बघत महिनोन्महिने घरी बसावं लागलं. अपेक्षेवर भरती केली आणि अपेक्षा चुकली की असं होतं, म्हणून आता कंपन्या हात राखून असतात.

आणि भाऊ, हे तुम्हाला बाहेरून कोणी समजावून सांगायची गरजच नाही. तुम्हीच पत्रात लिहिलंय की दोन वर्षं उधारी अडकली, धंद्यानं मार खाल्ला, काउंटरवरचा पोरगा कमी करावा लागला, यंदा मात्र खत-बियाणाची विक्री चांगली झाली, दुकान सावरलं. मग तो पोरगा परत कामावर घेतला का? नाही. तुम्ही लिहिता, "मी आणि घरची मिळून भागवतो, अजून एक सीझन बघू." बरोबर केलंत, मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. पण मग वाळूजचा मालकही अजून एक सीझनच बघतोय ना! तुमच्याकडून कामावरून गेलेल्या त्या पोराचा बाप त्याला म्हणत असेल की दुकानात एवढी गर्दी दिसतीय, तुलाच कसं बोलवत नाहीत, तूच कामचुकार असशील. तुम्हाला माहितीय की त्यात त्या पोराची काही चूक नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, जो तुम्ही विचारलेलाच नाही. पोराच्या यादीत तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, "वाळूज, ग्रॅज्युएट अप्रेंटिस, १ वर्ष, १२ हजार, सिलेक्ट झालो, पप्पा नको म्हणाले." अहो, म्हणजे नोकरीचं दार उघडलं होतं आणि ते तुम्ही लावलंत. पत्रात तुम्ही कारण दिलंय, "इंजिनिअर करून १२ हजारात राबवायचं का, पाहुण्यांत काय सांगू." तुम्हाला स्पष्ट सांगतो, पाहुण्यांना काय सांगायचं हा तुमचा प्रश्न आहे, पोराच्या करिअरचा नाही, आणि या दोन गोष्टी एकात घातल्यामुळं तुमच्या घरात एक वर्ष गेलं. ज्या पोराला तुम्ही प्रयत्न करत नाही म्हणताय तो इंटरव्ह्यू देऊन निवडून आला होता.

अप्रेंटिस म्हणजे हेल्पर नाही. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, त्यात डिग्री आणि डिप्लोमावाल्यांना एक वर्षाचं ट्रेनिंग, करार सरकारी नॅट्स पोर्टलवर नोंदवला जातो, आपल्या भागाचं काम मुंबईचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. २०१९ च्या नियमांत पदवीधराला कमीत कमी ९ हजार स्टायपेंड ठरला होता, म्हणजे १२ हजार ही काही फसवणूक नव्हे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळं मंदीतून उठणारी कंपनी नवीन माणूस पारखायला हाच रस्ता वापरते. पीएफ कापत नाहीत म्हणून घाबरू नका, कायद्यानं अप्रेंटिसला तो लागू नाही. पर्मनंट करतीलच याची मात्र गॅरंटी नाही, कंपनीवर तसं बंधन नाही आणि वर्ष झालं की बरेच जण बाहेर पडतात हेही खरं. पण बाहेर पडताना त्यांच्या हातात शॉपफ्लोअरचं एक वर्ष असतं, आणि रोलवरची भरती जेव्हा सुरू होईल तेव्हा एचआर फ्रेशरच्या आधी त्यांचे बायोडेटा काढणार.

एक फरक पोरानं नीट बघावा. करार कंपनीशी आणि पोर्टलवर नोंदलेला आहे की कॉन्ट्रॅक्टरच्या मस्टरवर नुसतं नाव आहे? दुसरं असेल आणि काम फक्त माल उचलायचं, सात महिन्यांनी ब्रेक, तर तिथं जाऊ नको असं मीच सांगेन. डिपार्टमेंट कुठलं तेही विचारावं. क्वालिटी, मेंटेनन्स, टूलरूम (साचे आणि हत्यारं बनवायचा विभाग) मिळत असेल तर स्टायपेंड हजारभर कमी असला तरी चालेल, तिथं शिकलेलं दुसऱ्या कंपनीत चालतं. संभाजीनगरच्या चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूलरूम ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे, डाय-मोल्ड म्हणजे साचे, आणि सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन, यांचे कोर्स करून पोरं लागतात, अप्रेंटिस नाहीच मिळाली तर एखादी महागडी एमबीए करण्यापेक्षा मी तिकडं पाठवेन.

संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटाचा गाड्यांचा कारखाना येतोय तोवर थांबू का, असं पण तुम्ही विचारलंय. त्यांचा राज्य सरकारशी करार जुलै २०२४ ला झालाय, करारापासून गाडी लाईनवरून उतरेपर्यंत वर्षं जातात, आणि तेव्हाही त्यांना आजच्या व्हेंडरकडं काम केलेली पोरं लागतील. थांबायचं नाही.

एमपीएससी, रेल्वे, गेट, ज्याला मनापासून करायचंय त्यानं करावं, कंपन्या घेत नाहीत म्हणून करू नये. तुमच्या पोरानं कुठं लिहिलेलं नाही की त्याला हे करायचंय.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच लिहिलंय की पुण्यातला एकजण ४ लाखात मोठ्या कंपनीत पर्मनंट लावून देतो म्हणतो, अर्धे आधी. एक रुपया देऊ नका. नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे मागणारा माणूस कंपनीचा नसतो, तो तुमच्यासारख्या घाबरलेल्या बापांवर जगतो. मंदी सरत आली की असले लोक जास्त फिरतात, कारण भरती सुरू होणार ही बातमी त्यांच्याच कामाला येते. असलं ऑफर लेटर आलं तर त्यावरच्या नंबरवर नाही, कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून विचारा, आणि पैसे दिले असतील तर लाजू नका, पावत्या आणि मेसेज घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जा.

त्यापेक्षा असा हिशोब करा. पोरगं वाळूजच्या बजाजनगरला दोघातिघांत खोली घेऊन राहिलं, मेस लावली, तर १२ हजारात ओढाताण होईल. तुम्ही महिन्याला ४ हजार पाठवले तर वर्षाचे ४८ हजार होतात. एजंटला तुम्ही आगाऊ २ लाख द्यायला तयार होतात, आणि इथं पैसे अडकायची भीती नाही.

सोमवारी पोरानं त्या कंपनीच्या एचआरला स्वतः फोन करावा, तुम्ही नाही. घरच्या अडचणीमुळं तेव्हा येता आलं नाही, आता यायला तयार आहे, जागा आहे का, एवढंच विचारायचं. ती भरली असेल तर पुढची बॅच कधी ते विचारून ठेवायचं, आणि नॅट्सवर वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा टाकून आठवड्याला पाचसहाच पण नीट वाचून अर्ज करायचे. सगळीकडं नाही म्हणाले तरी सहा महिने धरून चाला, दिवाळीची मुदत काढून टाका. तोवर तो दुकानात बसणार असेल तर काउंटरवरच्या पोराला द्यायचात तेवढा पगार त्याला द्या.