माणूस तोच, मग नाव का बदललं?

प्रश्न: आधीच्या ऑफिसात मी मदतीला धावणारा म्हणून ओळखला जायचो. नवीन ठिकाणी एका सहकाऱ्याने तिसऱ्यांदा त्याचं काम माझ्यावर ढकललं तेव्हा मी टीमच्या ग्रुपवर सरळ 'जमणार नाही' लिहिलं, आणि तेव्हापासून मी आडमुठा. त्याआधी दोनदा रात्री जागून त्याचंच प्रेझेंटेशन करून दिलं होतं ते कुणाच्या गावीही नाही. मी तोच आहे ना, की खरंच बदललो?

उत्तर: बदलण्याचं नंतर बघू. आधी सांगा, त्या दोन रात्रींची मदत त्याने कुठे मागितली होती? पैज लावते, खासगी मेसेजवर. म्हणजे मदत झाली दोघांत आणि नकार अख्ख्या टीमसमोर, मग लोकांनी जे पाहिलं त्यावरूनच नाव ठेवलं, जे पाहिलंच नाही ते धरणार कसं?

मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड या संशोधकांनी १९९८ मध्ये याचं गणित मांडलं होतं. त्यात प्रत्येकाला एक स्कोअर असतो, मदत केली की वर, नाही केली की खाली, आणि बाकीचे तो स्कोअर बघून ठरवतात की याच्यासाठी हात पुढे करायचा की नाही. म्हणजे तुम्ही केलेल्याची परतफेड भलत्याच कुणाकडून येऊ शकते, अनोळखी लोकांतही सहकार्य टिकतं ते यामुळे. पण त्यात एक खोट आहे आणि नेमकी तीच तुम्हाला नडलीये: कामचुकाराला नाही म्हटलं तरी स्कोअर उतरतोच, कारण मोजलं जातं फक्त 'नाही', कुणाला आणि का ते कुणी बघत नाही. पुढे इतर अभ्यासकांनीही यावर बोट ठेवलं. जुन्या ऑफिसात लोक तुम्हाला ओळखत होते, तिथे असंच नाही म्हटलं असतंत तर 'असेल काहीतरी कारण' म्हणून सोडून दिलं असतं. इथे पाटी कोरी होती हो.

आता बदलण्याचं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला लिबरमन, सॅम्युएल्स आणि रॉस या संशोधकांचा प्रयोग मला फार आवडतो. पैशांचा एक खेळ, त्यात समोरच्याला साथ द्यायची की फक्त स्वतःचा फायदा बघायचा ते ठरवायचं. खेळ तोच, पैसे तेच, फक्त काहींना सांगितलं हा 'वॉल स्ट्रीट गेम' (वॉल स्ट्रीट म्हणजे न्यूयॉर्कचा शेअर बाजार) आणि काहींना 'कम्युनिटी गेम'. पहिल्या नावाने साधारण एक तृतीयांश लोकांनी सहकार्य केलं, दुसऱ्या नावाने जवळपास दोन तृतीयांश! आणि खरी गंमत पुढेच आहे, खेळणाऱ्यांना ओळखणाऱ्या लोकांकडून आधीच विचारून घेतलं होतं की कोण सहकार्य करेल आणि कोण नाही, तर त्या अंदाजाचा काही म्हणजे काही उपयोग झाला नाही. तुमच्या टीमला कुणी वॉल स्ट्रीट म्हणत नसेल, पण दर महिन्याला टॉप परफॉर्मरचा फोटो लागत असेल तर तुम्हीही थोडे आखडते झाला असाल, त्यात लाजायचं काही नाही.

आता ग्रुपवर सफाई देत बसू नका, ती भांडणासारखीच वाचली जाते. पुढच्या वेळी तो खासगीत आला की एवढंच लिहा, 'ग्रुपवर टाक ना, तिथेच बघू.' तुम्ही केलंत तर सगळ्यांना दिसेल, आणि माझा अंदाज असा की तो टाकणारच नाही.

प्रश्न: भिंतीवर डोळ्यांचं चित्र लावलं की लोक नीट वागतात म्हणे, खरं का?

उत्तर: न्यूकॅसल विद्यापीठात मेलिसा बेटसन आणि सहकाऱ्यांनी चहा-कॉफीच्या पैशांच्या डब्याजवळ एका आठवड्यात फुलांचं, तर पुढच्या आठवड्यात डोळ्यांचं चित्र लावून पाहिलं. डोळे असताना जवळपास तिप्पट पैसे जमले, हे २००६ मध्ये छापून आलं. नंतर इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा मात्र निकाल कधी असे, कधी तसे. आमच्या ऑफिसच्या सिंकवर कुणीतरी असेच डोळे चिकटवले होते, चौथ्या दिवशी त्यांना पेनाने चष्मा काढलेला आणि खाली उष्टे कप तसेच.