बॅटरी पूर्ण उतरू द्यायची की रोज चार्जिंगला लावायची?

प्रश्न: माझी इलेक्ट्रिक स्कूटर दोन वर्षांची झाली, शाळेत जाऊन-येऊन रोज २५ किमी होतात. संध्याकाळी घरी आले की लगेच चार्जिंगला लावते ती थेट सकाळीच काढते. दीर म्हणतात पूर्ण उतरल्याशिवाय लावायचीच नाही, बॅटरी खराब होते. रेंज कमी झालीय असं वाटतंय. आणि मे महिन्यात महिना-दीड महिना माहेरी जाणार आहे, तेव्हा काय करू?
– एक शिक्षिका, अकोला

उत्तर: ताई, दिरांचं म्हणणं जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांबद्दल खरं होतं, तुमच्या स्कूटरमध्ये लिथियम-आयन आहे आणि तिचं बरोबर उलटं आहे. तिला पूर्ण उतरणं अजिबात सोसत नाही. रोज थोडं थोडं चार्ज केलं म्हणून चार्जिंगच्या सायकल (एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर) वाया जात नाहीत, ५० वरून १०० असं दोनदा केलं तरी हिशोबात एकच सायकल धरतात. २०-२५ टक्क्यांच्या खाली शक्यतो जाऊ देऊ नका, बस.

तुमची खरी चूक त्या ‘लगेच’मध्ये आहे. अकोल्याचा मे म्हणजे ४५ डिग्री, त्यात गाडी दिवसभर पत्र्याच्या शेडखाली असेल तर बॅटरीचा पॅक आधीच तापलेला, वरून चालवून आल्याची गरमी, आणि त्यात आपण चार्जर लावतो. शिवाय रात्री दहा-अकरालाच १०० टक्के झालं तर पुढे रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी उन्हात ती भरलेलीच उभी राहते. उष्णता आणि फुल चार्ज एकत्र आले की आतली रसायनं जास्त झपाट्याने झिजतात, आणि ही झीज गाडी नुसती उभी असली तरी चालूच राहते. म्हणून घरी आल्यावर तासभर गार होऊ द्या, जेवणं आवरली की मग लावा आणि रोजच्या २५ किमीला ८० टक्के पुरत असतील तर तिथेच थांबवा. शाळेत झाडाची सावली मिळत असेल तर थोडं चालावं लागलं तरी गाडी तिथेच लावा, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

रेंजचं म्हणाल तर आधी टायरची हवा बघा. हवा कमी असली तरी रेंज पडते आणि आपण उगाच बॅटरीला दोष देतो. मग एकदा ८० पासून २० टक्क्यांपर्यंत किती किमी झाले ते लिहून ठेवा, त्याच रस्त्याने दर दोन-तीन महिन्यांनी तेच करा, म्हणजे नुसतं वाटतंय की खरंच कमी झालंय ते कळेल.

माहेरी जाताना ५०-६० टक्क्यांवर, सावलीत ठेवून जा, चार्जर लावून ठेवू नका. गाडी बंद असली तरी बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, थोडी थोडी वीज खातच असते, त्यामुळे १० टक्क्यांवर सोडून गेलात तर परत आल्यावर चार्जच घेणार नाही असं होऊ शकतं.

आणि एक, बॅटरी काढून घरात चार्ज करत असाल तर दाराजवळ किंवा झोपायच्या खोलीत नको, एक्स्टेन्शन बोर्डही नको. २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर एआयएस-१५६ हे सुरक्षेचं मानक कडक केलं गेलं, तरी पॅक फुगलेला दिसला किंवा कसला वास आला तर चार्जिंग बंद करून थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

प्रश्न: माझ्या कारमध्ये एलएफपी बॅटरी आहे. तीही ८० टक्क्यांवरच थांबवायची का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: दादा, एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट, हाही लिथियम-आयनचाच एक प्रकार, पण तिला १०० टक्के बऱ्यापैकी सोसतं. उलट बऱ्याच कंपन्या ती अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात, कारण हिचं व्होल्टेज चार्जच्या मधल्या टप्प्यात जवळपास सारखंच राहतं, मग नेमके किती टक्के उरलेत ते बीएमएसला नीट कळत नाही आणि फुल केलं की हिशोब परत जुळतो. किती दिवसांनी करायचं ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. आणि कारमधली छोटी १२ व्होल्टची बॅटरी विसरू नका, मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालूच होत नाही तेव्हा पुष्कळदा तीच बसलेली असते.